वस्तीतलं शिक्षण आणि पदवीचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात, शिक्षणाविषयीच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



काल रात्री जेवणं झाल्यावर आपण भांडी घासत बसलो होतो, तेव्हा एका ताईंनी मला एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "माझ्या लेकीचं बी.ए. झालं. आता एम.एस.डब्ल्यू. करते म्हणते. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटचं नाव घेते. तू शिकलेली आहेस म्हणून विचारते. तिथं जाऊन ती आपली राहील, का साहेबीण होऊन आपल्यालाच ट्रेनिंग द्यायला येईल?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण रात्री झोप लागेना. कारण हा प्रश्न त्यांच्या लेकीबद्दलचा होताच, पण माझ्याबद्दलचाही होता. मी एम.एस.डब्ल्यू. आहे. मी आपली राहिले का, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल? म्हणून आज ठरवलेला विषय थोडा बाजूला ठेवून मी या प्रश्नाचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली नाही. मी शिकले ते मराठवाड्यातल्या एका खाजगी महाविद्यालयात. पण समाजकार्याचं शिक्षण कसं द्यावं याचा आपल्या देशातला साचा त्या संस्थेत तयार झाला. तो साचा काय होता, त्यात चांगलं काय, वाईट काय, आणि स्त्रियांच्या चळवळीने त्यात काय भर घातली, हे आपण समजून घेतलं पाहिजे. नाहीतर आपण एकतर पदवीला नमस्कार करत राहू, नाहीतर तिच्यावर नुसतं रागावत राहू. दोन्हींतून हाती काही लागत नाही.

सुरुवात कुठे झाली

मुंबईत भायखळ्याजवळ नागपाडा आहे. शेजारीच कामाठीपुरा. गिरणी आणि गोदीत काम करणाऱ्यांची, नाना धर्मांच्या आणि जातींच्या लोकांची दाट वस्ती. १९२० च्या दशकात क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी मुंबईत आले आणि त्यांनी या वस्तीत नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केलं. वस्तीतच राहायचं, शेजारी म्हणून काम करायचं, अशी त्यामागची कल्पना होती. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशावर १९३६ साली तिथेच 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झालं. आजच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं हे पहिलं रूप. पहिल्या वर्गात विद्यार्थी होते वीस. प्रवेश पदवीधरांनाच. दोन वर्षांचा अभ्यास, आणि शेवटी हातात पदवी नव्हे तर पदविका.

एवढीशी खाजगी संस्था! पण तिने एक वेगळी गोष्ट केली. वर्ग भरायचा तो वस्तीत. दार उघडलं की समोर अभ्यासाचा विषय. दानधर्म करायला चांगलं मन पुरतं. पण गरिबी, बेकारी, आजार, बालगुन्हेगारी यांच्याशी काम करायचं तर त्याचं शिक्षण घ्यावं लागतं, आणि ते शिक्षण नुसत्या पुस्तकातून मिळत नाही, ही त्या शाळेची भूमिका होती. १९३७ साली शाळेने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं. १९४० साली समाजकार्याचं इंग्रजी नियतकालिक सुरू केलं, ते आजही निघतं. १९४४ साली संस्थेला आजचं नाव मिळालं. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात आपल्या देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. आज सरकारी दवाखान्यात 'समाजसेवा अधीक्षक' अशी पाटी आपण बघतो, जळालेली बाई वॉर्डात आली की आपण त्यांच्याकडे धावतो. त्या खुर्चीची सुरुवात तिथली. १९५४ साली संस्था देवनारला आली आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

पण वस्तीत जाऊन राहण्याची ही कल्पना काही मॅन्शार्ट साहेबांच्या डोक्यातून निघाली नव्हती. ते शिकागो विद्यापीठात शिकलेले होते. त्याच शिकागोत १८८९ साली जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन बायकांनी गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत एक घर घेतलं. त्याचं नाव हल हाऊस. व्यक्तीचा प्रश्न पद्धतशीर समजून घ्यायची, म्हणजे आपण ज्याला केसवर्क म्हणतो त्याची, पहिली मोठी मांडणी मेरी रिचमंड या बाईने १९१७ साली केली. तेव्हा समाजकार्याच्या शिक्षणाचा पाया मोठ्या प्रमाणात बायकांनी घातलेला आहे. वर्गात आम्हाला ही नावं पाठ करायला लावली. पण त्या बायका होत्या, आणि बायकांना त्या काळात विद्यापीठात आणि राजकारणात जागा नव्हती म्हणून त्यांनी वस्तीत आपलं विद्यापीठ काढलं, हे कुणी सांगितलं नाही.

आणि आणखी एक सांगितलं नाही. त्याच १८८९ साली, त्याच वर्षी, पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. त्याच्याही आधी, १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली होती, आणि १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह. बाळंतपण करायचं, मूल सांभाळायचं, बाईला नाव विचारून हिणवायचं नाही. हे समाजकार्य नव्हतं तर काय होतं? पण माझ्या पेपरात समाजकार्याचा इतिहास इंग्लंडच्या गरिबांच्या कायद्यापासून सुरू व्हायचा. सावित्रीबाई 'समाजसुधारक' या धड्यात, आणि 'समाजकार्य' दुसऱ्या धड्यात. हा भेद साधा नाही. जी आपल्या मातीतली बाई करते ती सेवा किंवा सुधारणा, आणि जे परदेशातून पुस्तकात येतं तो व्यवसाय, असा त्याचा अर्थ होतो. आजही आपल्याला तोच भेद भोगावा लागतो. त्याकडे मी पुढे येणार आहे.

फिल्डवर्क म्हणजे काय

आता त्या शिक्षणाचा गाभा. तो आहे फिल्डवर्क, क्षेत्रकार्य. आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थ्याने वर्गात यायचं नाही. एखाद्या वस्तीत, दवाखान्यात, तुरुंगात, निरीक्षणगृहात, संघटनेत जायचं आणि काम करायचं. बघे म्हणून जायचं नाही. आल्यावर लिहायचं. आणि दर आठवड्याला आपल्या पर्यवेक्षकासमोर एकटीने बसून त्या लिहिलेल्यावर बोलायचं. म्हणूनच वर्ग लहान लागतो. एका शिक्षकाकडे चाळीस विद्यार्थी असले की हे होऊ शकत नाही. वीस विद्यार्थ्यांची शाळा काढण्यात कंजुषी नव्हती, पद्धतीचीच ती गरज होती.

माझ्या महाविद्यालयात काय होतं ते सांगते. आमच्या एका शिक्षकाकडे पन्नासाहून जास्त विद्यार्थी होते. क्षेत्रकार्याची वही होती, त्यात संस्थेचा शिक्का लागायचा. शनिवारी शिक्के जमवायचे. काही जणी गेल्या वर्षीच्या मुलींच्या वह्या उतरवून काढत. मीसुद्धा एकदा उतरवली आहे, खोटं कशाला बोलू? दोन वर्षांत माझ्या वहीवर 'चांगले' आणि 'अक्षर सुधारा' एवढेच दोन शेरे आले. अक्षर सुधारलं.

फिल्डवर्क मी शिकले ते पदवी मिळाल्यानंतर. तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशन केंद्रात काम करत होते. नवऱ्याने मारलेली एक बाई आली. मी दीड तास तिच्याशी बोलले. नवऱ्याला बोलावलं, समजावलं, कागदावर सह्या घेतल्या, बाई नांदायला गेली. मला फार समाधान वाटलं. देवनारला शिकलेली एक मैत्रीण तेव्हा आमच्या केंद्रावर होती. ती म्हणाली, "छान. आता दोघींचं बोलणं जसंच्या तसं लिही. ती काय म्हणाली, तू काय म्हणालीस, आणि त्या वेळी तुझ्या मनात काय होतं." मला कंटाळा आला, पण लिहिलं. सात पानं झाली. तिने ती वाचली आणि एकही शेरा मारला नाही. फक्त म्हणाली, "तुझे प्रश्न मोज."

मी मोजले. नवऱ्याबद्दल मी अकरा प्रश्न विचारले होते. तो पितो का, कामाला जातो का, पैसे देतो का, सासू कशी आहे. तिच्याबद्दल दोन. नाव आणि वय. तिला काय हवं आहे, हा प्रश्न सात पानांत कुठेच नव्हता. आणि पाचव्या पानावर ती म्हणाली होती, "रातीला भ्या वाटतं." त्यावर मी लिहिलं होतं की मी तिला पाणी दिलं.

तीन आठवड्यांनी ती बाई पुन्हा आली, हात मोडून. त्या दिवशी मला कळलं की 'रातीला भ्या वाटतं' हेच सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं आणि मी ते पाण्याच्या पेल्यावर निभावून नेलं होतं. लिहिलं नसतं तर मला ते कधीच दिसलं नसतं. मी 'नवरा सुधारला नाही' एवढंच म्हणाले असते.

तेव्हा या पद्धतीची ताकद मी स्वतःवर अनुभवली आहे. काम करा, लिहा, दुसरीला दाखवा, पुन्हा काम करा. यात जादू नाही. पण आपण संघटनांमध्ये हे करत नाही. आपण मोर्चे काढतो, केसेस घेतो, धावतो, थकतो. बसून आपलंच काम वाचत नाही.

चळवळीने संस्थेला काय शिकवलं

आता दुसरी बाजू. केसवर्क अमेरिकेतून आलं, तेव्हा बरोबर एक विचारही आला. माणसाचं आणि परिस्थितीचं जमत नाही, तर जमवून द्यायचं. 'समायोजन' हा शब्द आमच्या पुस्तकात पानापानावर होता. आता बाईच्या बाबतीत समायोजन म्हणजे काय? सासरशी जमवून घे. म्हणजे शेजारची म्हातारी जे फुकट सांगते तेच आम्ही दोन वर्षं शिकून, सही-शिक्क्यानिशी सांगायचं! मी त्या बाईला जे केलं ते अभ्यासक्रमाच्या बाहेरचं नव्हतं. ते अभ्यासक्रमातलंच होतं.

याला धक्का दिला तो चळवळीने. १९७२ साली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाला. तिला आपण सगळ्या मथुरा या नावाने ओळखतो. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. त्यावर १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं आणि १९८० पासून देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला आणि त्याच वर्षी कलम ४९८-अ आलं. कायदा आला, पण बाईला पोलीस ठाण्यात कोण उभं करणार? हवालदार म्हणायचा, "घरचं भांडण घरी मिटवा."

याच काळात, १९८४ साली, टाटा इन्स्टिट्यूटने मुंबईत पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. हे नीट समजून घ्या. वेगळी इमारत नाही, बाहेरची संस्था नाही. पोलिसांच्याच आवारात टेबल-खुर्ची, आणि त्या खुर्चीवर पोलीस नव्हे तर प्रशिक्षित समाजकार्यकर्ती. बाई आली की तिचं ऐकून घ्यायचं. तिच्यावर विश्वास ठेवायचा. हिंसा कुठल्याही कारणाने समर्थनीय नाही, ही भूमिका पहिल्यापासून स्पष्ट. तिला काय हवं ते विचारून पुढचं ठरवायचं. अर्ज लिहायला मदत, गुन्हा नोंदवायला मदत, स्त्रीधन परत मिळवणं, निवारा, वकील. समोर पोलिसांची ताकद आहे म्हणून नवरा येतो. पण बोलणं चालवते ती कार्यकर्ती.

पद्धत तीच, केसवर्कची. पण केंद्र बदललं. कुटुंब टिकवणं हे उद्दिष्ट न राहता बाई सुरक्षित राहणं हे उद्दिष्ट झालं. हा बदल पुस्तकातून आला नाही. तो त्या काळातल्या बायकांच्या बोलण्यातून, मोर्च्यांतून, मध्यरात्री आसरा मागायला आलेल्या बायकांच्या अनुभवातून आला. संस्थेचं श्रेय एवढं की तिने तो ऐकला आणि टिकेल अशा रचनेत बसवला. पुढे महाराष्ट्र शासनाने हे काम उचललं आणि आज जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष आहेत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आल्यावर त्यांचं काम आणखी वाढलं.

संस्थेच्या या रीतीला 'क्षेत्रकृती प्रकल्प' म्हणतात. विद्यापीठानेच एखादं काम सुरू करायचं, ते चालवून दाखवायचं, त्यातून शिकायचं, विद्यार्थी तिथे पाठवायचे, आणि जमलं तर शासनाच्या किंवा समाजाच्या स्वाधीन करायचं. तुरुंगातल्या आणि ताब्यातल्या माणसांसाठी १९९० साली 'प्रयास' सुरू झालं. १९९६ साली मुंबईत १०९८ हा मुलांसाठीचा चाइल्डलाइनचा फोन सुरू झाला, तोही याच संस्थेतून. तो पुढे देशभर गेला आणि २०२३ मध्ये सरकारने आपल्या यंत्रणेत घेतला.

आणि एक उदाहरण तर आपण कुणीच विसरू नये. बिहार सरकारने राज्यातल्या निवारागृहांची सामाजिक तपासणी या संस्थेच्या 'कोशिश' गटाला दिली होती. त्यांनी शंभराहून जास्त संस्था पाहिल्या. २०१८ साली त्यांच्या अहवालातून मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातल्या मुलींवरचे लैंगिक अत्याचार उघडकीला आले. त्याच्या आधीही तिथे अधिकारी जातच होते. वह्यांवर शिक्के बसतच होते. फरक एवढाच की या वेळी गेलेल्यांनी मुलींशी बसून बोलणं केलं आणि ऐकलेलं लिहिलं. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवलं, मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. माझी उतरवून काढलेली वही आणि तो अहवाल या दोन्हींच्या मधलं अंतर म्हणजेच चांगलं आणि वाईट शिक्षण.

दार कुणाला उघडं

आता ताईंच्या प्रश्नातला कळीचा भाग. तिथे कोण जाऊ शकतं?

संस्था खाजगी ट्रस्टच्या पैशावर सुरू झाली, पण अभिमत विद्यापीठ झाल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाचा पैसा आला. त्यामुळे शुल्क आटोक्यात राहिलं, राखीव जागा आल्या. १९८६ साली तुळजापूरला ग्रामीण केंद्र निघालं, म्हणजे विद्यापीठ आपल्या उंबऱ्याशी आलं. दलित आणि आदिवासी प्रश्नांचा, स्त्रीकेंद्री समाजकार्याचा वेगळा अभ्यासक्रम निघाला. खेड्यातल्या, पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या घरांतल्या मुली तिथे पोचल्या. ही मोठी गोष्ट आहे.

पण दार उघडलं की उघडंच राहतं असं नाही. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या आणि मागास वर्गांच्या विद्यार्थ्यांना मिळणारी शुल्कातली, वसतिगृहाच्या आणि जेवणाच्या खर्चातली सवलत काढली गेली, तेव्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी या चारही ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. त्यांचं म्हणणं साधं होतं. शिष्यवृत्तीचा पैसा सरकारकडून वर्षवर्ष उशिरा येतो, मग आधी भरायचे कुठून? ज्या घरात वर्षाला एकदा पैसा येतो, तिथली मुलगी हे ऐकून अर्जच भरत नाही. तिला कुणी 'नको' म्हणत नाही. ती स्वतःच घरी राहते. वगळण्याची ही सगळ्यात शांत रीत आहे.

प्रवेशाचंही तसंच. पूर्वी संस्थेची स्वतःची परीक्षा आणि मुलाखत होती. मुलाखतीत मुलगी वस्तीत काय करून आली हे विचारता येतं. २०२३ च्या प्रवेशापासून पदव्युत्तर अभ्यासाची पहिली पायरी म्हणून देशभराची सामाईक परीक्षा आली. सामाईक परीक्षा म्हटलं की पाठोपाठ शिकवणी वर्ग आलेच. त्याच वर्षी नियम बदलून अशा संस्थांच्या प्रमुखांच्या नेमणुकीत केंद्र सरकारचा हात आला. आणि जून २०२४ मध्ये ट्रस्टच्या निधीवरच्या शंभराहून जास्त शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना निधी नाही म्हणून घरी जायला सांगितलं गेलं. ओरड झाल्यावर काही दिवसांत तो आदेश मागे घेतला. पण वर्षानुवर्षं शिकवणारी माणसं करारावर आणि एका सहीवर उभी होती, हे सगळ्यांना दिसलं. लहान वर्ग, आठवड्याला समोरासमोर बसणारा पर्यवेक्षक, हे सगळं स्थिर शिक्षक असला तरच होतं. शिक्षकच उद्या असेल की नाही ठाऊक नसेल, तर विद्यार्थिनीची सात पानं कोण वाचणार?

पैसा ट्रस्टचा की सरकारचा, हा वाद मी इथे घालत नाही. दोन्हीकडून दोरी ओढता येते हे आपण पाहिलं. माझं म्हणणं एवढंच, की ही संस्था कशी चालते हा आपलाही प्रश्न आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी लढा दिला तेव्हा आपण त्याला 'मुंबईच्या पोरांचं काहीतरी' म्हणालो. ते आपलंच होतं.

माझी खुर्ची

आता जी गोष्ट बोलायला जड जातं ती बोलते.

आमच्या गटात एक ताई आहेत. शिक्षण सातवी. पंधरा वर्षांहून जास्त काळ त्या बायकांच्या केसेस बघतात. मी पदवी घेऊन आले तेव्हा मला पोलीस ठाण्यात त्यांनी नेलं. कुठे बसायचं, ठाणे अंमलदाराशी कसं बोलायचं, नोंद झाल्याशिवाय उठायचं नाही, तक्रारीची प्रत मागून घ्यायची, हे मला त्यांनी शिकवलं. त्या मोडलेल्या हाताच्या बाईला दुसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "रातीला झोपतीस कुठं?" त्या एका प्रश्नावर सगळं बाहेर आलं. मी दोन वर्षं शिकून जे विचारलं नाही, ते त्यांनी पहिल्याच वाक्यात विचारलं.

काही वर्षांनी केंद्रात समुपदेशकाची मानधनाची जागा निघाली. अट होती एम.एस.डब्ल्यू. ती जागा मला मिळाली. ताईंना अर्जच करता आला नाही. त्यांनी मला पेढे दिले आणि म्हणाल्या, "बरं झालं, खुर्ची आपल्यातच राहिली." मी पेढा खाल्ला. पण तो माझ्या घशाखाली उतरला नाही, तो अजून तिथेच आहे असं वाटतं.

मी राजीनामा दिला नाही. दिला असता तर दुसरी कुणी पदवीधर आली असती, ताई नव्हे. घर चालवायला मलाही पैसे लागतात. पण तेव्हापासून मी स्वतःला फसवत नाही. पदवीमुळे मला मिळालेलं आणि ताईंकडून मला मिळालेलं, हे दोन्ही मी वेगवेगळं मोजते. पहिल्याचा मला महिन्याला पगार मिळतो. दुसऱ्याचे ताईंना काहीच मिळत नाहीत.

पदवीची अट अगदीच चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. नाहीतर पुढाऱ्याची भाची येऊन बसते, हेही आपण पाहिलं आहे. अट ठेवा, पण ताईंच्या पंधरा वर्षांना काहीतरी मोल द्या. ज्या शिक्षणाचा गाभाच 'काम करता करता शिका' हा आहे, त्या शिक्षणाने काम करूनच शिकलेल्या बाईला दाराबाहेर ठेवावं, यासारखी विसंगती दुसरी नाही.

मग आपण काय करायचं

तीन गोष्टी सुचवते. चर्चा करा, पटलं नाही तर तसं सांगा.

पहिली. ती पद्धत आपण उचलू या, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक गटाने आठवड्यातून एक दुपार ठरवावी. एका बाईने आपली एक केस जशी घडली तशी सांगायची किंवा लिहून आणायची. लिहिता येत नसेल तर दुसरीने लिहून घ्यायची. बाईचं नाव आणि गाव वहीत घालायचं नाही, ती वही कुलपात राहील. बाकीच्यांनी दोषी ठरवायला बसायचं नाही. फक्त विचारायचं, आपण काय विचारलं आणि काय विचारायचं राहिलं?

दुसरी. आपल्याकडे क्षेत्रकार्याला विद्यार्थी येतात. आपण त्यांना चहा देतो, वहीवर शिक्का मारतो आणि पाठवतो. इथून पुढे शिक्का फुकट नको. महाविद्यालयाला पत्र लिहून सांगू या, की आमची कार्यकर्ती तुमच्या विद्यार्थिनीला शिकवते, तर पर्यवेक्षक म्हणून तिचं नाव लागलं पाहिजे, गुणांमध्ये तिचं मत आलं पाहिजे आणि तिला मानधन मिळालं पाहिजे. न केलेल्या कामावर सही मिळणार नाही, हेही त्याच पत्रात लिहू या. माझ्या वहीवर त्या काळी कुणी सही नाकारली असती तर त्या बाईचा हात कदाचित वाचला असता.

तिसरी. अनुभवी कार्यकर्त्यांना पदांच्या अटींमध्ये स्थान मिळावं, पदवीच्या जागेबरोबर अनुभवाची एक जागा असावी, ही मागणी शासनाकडे सगळ्या संघटनांनी मिळून करू या. आणि शिष्यवृत्तीची, शुल्काची, वसतिगृहाची जी मागणी विद्यार्थी करतात, तिच्यामागे उभ्या राहू या. कारण उद्या त्या वर्गात आपल्याच मुली बसणार आहेत.

आता ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. लेकीला पाठवा. जरूर पाठवा. ती फॉर्म भरेल तेव्हा मी तिच्याबरोबर बसेन, शिष्यवृत्तीचे कागद आपण मिळून जमवू. तिथे तिला चांगले शिक्षक भेटतील, पुस्तकं मिळतील, निरनिराळ्या राज्यांतल्या मैत्रिणी मिळतील. आपलं दुःख एकट्या घराचं नाही, त्याला कारणं आहेत, हे तिला तिथे नीट मांडता येईल. ती सगळी तिच्या हक्काची आहेत.

पण जाण्याआधी तिला सहा महिने तुमच्याबरोबर फिरवा. पोलीस ठाण्यात न्या, दवाखान्यात न्या, पंचायतीत न्या. तुम्ही काय करता ते तिला लिहून काढू द्या. म्हणजे पहिली शिक्षिका कोण, हे तिच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेलं राहील. मग ती साहेबीण होऊन आली तरी ते पान फाडता येणार नाही.

आणि ती आपली राहील का? ते एकट्या तिच्यावर नाही. ती सुट्टीत आली की आपण तिला काय म्हणतो, तिच्या पुस्तकातलं ऐकून घेतो का, तिची चूक तोंडावर सांगतो का, यावर ते ठरणार आहे. मी जेवढी तुमची राहिले आहे, तेवढी तुम्ही मला राहू दिलंत म्हणून.

एवढं बोलून थांबते. आता ताईंनी बोलावं. त्यांनी रात्री विचारलेला दुसराही एक प्रश्न आहे, तो त्यांच्याच तोंडून ऐकू या.